तालुक्याचा आकडा

त्यांच्या हाताखाली मी दोन हंगाम काढले. त्या दोन हंगामांत माझ्या तीन जोडी वहाणा झिजल्या, अंगावरचं मांस उतरलं आणि साध्या माणसांशी साधं बोलायची सवय गेली ती गेलीच. कुणी सहज म्हणावं, "आज ऊन फार आहे," की माझ्या तोंडात अजूनही येतं, "कशापेक्षा?" हा प्रश्न त्यांचा. मी तो गिळतो. पण येतो.

दुसरी मोठी लढाई संपत आली होती तेव्हाची ही गोष्ट. साताऱ्यातल्या एका सरकारी कचेरीत मी कारकून होतो. सांगलीला तेव्हा संस्थान होतं आणि इस्लामपूर, आष्टा, विटा ही गावं सातारा जिल्ह्यात मोडत. धान्याची टंचाई होती. सरकार शेतकऱ्याकडून सक्तीनं ज्वारी घ्यायचं, त्याला लेव्ही म्हणत. कुठल्या गावानं किती द्यायची हे ठरवायचं तर पीक किती आलंय ते कळायला हवं, आणि ते कळण्याची आमची रीत म्हणजे आणेवारी. सर्कलसाहेब घोड्यावरून शिवारात एक चक्कर मारायचे, बरोबर गावचा पाटील असायचा. मग झाडाखाली बसून दोघं ठरवायचे की पीक सहा आणे आहे की आठ आणे. सोळा आणे म्हणजे भरघोस. ही रीत कैक वर्षं चालली होती आणि तिच्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. निदान कचेरीतल्या कुणाचं नव्हतं.

मग पुण्याहून हे आले. पिकाचा अंदाज डोळ्यांनी न घेता मोजून घ्यायचा, अशी एक नवी योजना होती आणि आमच्या जिल्ह्यात ती करून बघायला त्यांना पाठवलं होतं. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला काळी टोपी, काखेत छत्री. उंच, किडकिडीत, पुढे वाकून चालणारे. मला त्यांच्या दिमतीला दिलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "संख्याशास्त्र म्हणजे काय, सांगा पाहू."

मी म्हणालो, "आकडे गोळा करायचे आणि त्यांचे तक्ते करायचे."

"ते तुम्ही आजवर करतच होतात. त्याला कारकुनी म्हणतात."

"मग संख्याशास्त्र म्हणजे काय?"

"आपल्याला किती माहीत नाही, ते मोजणं," असं म्हणून ते छत्री उचलून बाहेर पडले. मला वाटलं, माझी टिंगल केली. दोन वर्षांनी कळलं की या माणसाला टिंगल करताच येत नव्हती. आली असती तर बरं झालं असतं.

त्यांच्याबरोबर जेवायला बसणं ही एक शिक्षा होती. इस्लामपुरात आम्ही एका बाईंच्या खानावळीत जेवत असू. बाई आमटीची बादली घेऊन पंगतीत आल्या की हे हात आडवा धरायचे आणि म्हणायचे, "आधी ढवळा."

"ढवळलीया की चुलीवर."

"आणताना खाली बसली असेल. तळापासून ढवळा, मग वाढा."

पहिले दोन दिवस बाईंनी ऐकलं. तिसऱ्या दिवशी पळी बादलीत तशीच ठेवून त्या म्हणाल्या, "आवं सायेब, आमटी हाय का हीर? तळ कशाला काडाय लावताय?"

"तुम्ही वरची वाढली तर मी म्हणणार आमटी पातळ आहे. तळाची वाढली तर म्हणणार दाट आहे. दोन्ही खोटं. आमटी कशी आहे हे मला ढवळल्याशिवाय कळणार नाही."

"खाऊन बी न्हाई?"

"खाऊन वाटीतली कळेल. बादलीतली नाही."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी पानात बघितलं. त्या दिवसापासून त्या मला आधी वाढायच्या, न ढवळता, मुद्दाम तळातली. ती दाट आमटी खाताना शेजारून ते माझ्या वाटीकडं अशा नजरेनं बघायचे की मी जणू सरकारी कागद फाडला.

सांगलीच्या पेठेत त्यांनी एकदा शेरभर हळद घ्यायला अर्धी सकाळ घालवली. व्यापाऱ्यानं समोरच्या पोत्यातली मूठ काढून दाखवली. हे म्हणाले, "ही तुम्ही दाखवायला ठेवलेली. मला हवं ते पोतं मी सांगतो." आणि कोटाच्या खिशातून त्यांनी पुस्तक काढलं.

त्या पुस्तकाबद्दल सांगायलाच हवं. विलायतेत छापलेलं, पातळ, मळकट पुठ्ठ्याचं. आत फक्त आकडे. ओळीच्या ओळी, पानंच्या पानं आकडे, आणि त्यांना काही म्हणजे काही अर्थ नाही. एका आकड्याचा पुढच्या आकड्याशी संबंध नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणालो, "हे कसलं कोष्टक?"

"कसलंच नाही. मुद्दाम कसलंच नाही, असं करायला फार कष्ट पडतात." त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "तुम्हाला मनानं दहा आकडे सांगायला सांगितले तर तुम्ही लबाडी कराल. नकळत कराल. हे पुस्तक करत नाही."

त्यांचं सगळं काम त्या पुस्तकावर चालायचं. तालुक्यातली कुठली गावं घ्यायची ते पुस्तक सांगणार. गावातली कुठली शेतं, ते पुस्तक सांगणार. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, पुस्तक म्हणेल तितकी पावलं लांबीत चालायची, म्हणेल तितकी रुंदीत, आणि जिथं पाय थांबेल तिथं खुंटी ठोकायची. तिथून दोरीनं तेहतीस फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद चौकट आखायची. त्या चौकटीतलं पीक कापायचं, तिथंच मळायचं, दाणे वजन करून लिहायचे. चौकटीत दगड आला तर दगड. उंदरांनी पोखरलेला तुकडा आला तर तोच. एकदा खुंटीची जागा नेमकी मुंग्यांच्या वारुळावर आली. मी म्हणालो, एक पाऊल मागं घेऊ. त्यांनी स्वतः वाकून वारुळात खुंटी ठोकली आणि तासभर दोन्ही पाय आळीपाळीनं झाडत उभे राहिले. मुंग्या माझ्याही पायांवर चढल्या. मी पुस्तकाच्या बाजूचा नव्हतो, हे मुंग्यांना कुठलं कळायला.

गावोगावच्या लोकांनी ते पुस्तक म्हणजे पंचांग ठरवून टाकलं. आष्ट्याजवळच्या एका वस्तीवर एक म्हातारा पुढं आला आणि म्हणाला, "सायेब, म्हस गेलीया तीन दिस झालं. कंच्या दिशेला गावंल, जरा बघा की."

दुसरा कुणी असता तर हसून वाटेला लागला असता. हे बांधावर बसले आणि त्यांनी विचारलं, "या वस्तीवरची गेल्या वर्षात किती जनावरं हरवली?"

लोकांनी आठवून आठवून आठ सांगितली. कुठं कुठं सापडली तेही सांगितलं. यांनी ते वहीत मांडलं. पाच ओढ्याकडं सापडली होती. "तर आधी ओढ्याकडं बघा," ते म्हाताऱ्याला म्हणाले. "पण तुमची तिथंच असेल असं मी म्हणत नाही. ध्यानात ठेवा, मी असं म्हणत नाही."

म्हैस ओढ्याकडं सापडली. दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला निघालो तर वस्तीच्या तोंडाशी पंधरा-वीस माणसं उभी. कुणाची शेळी गेलेली, कुणाची नथ, एकाचा भाऊ. मी म्हणालो, "बघा, तुमच्या शास्त्राचा केवढा मान वाढला." त्यांना इतकं खिन्न झालेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं. "सापडायला नको होती," ते म्हणाले. "आता यांचा विश्वास बसला, आणि तो नको त्या गोष्टीवर बसला." त्या माणसांपुढं त्यांनी उभ्या उभ्या समजूत घालायला सुरुवात केली की एका म्हशीवरून काही सिद्ध होत नाही. लोक मान डोलवत होते आणि हात जोडत होते. आम्हाला तिथून निघायला दुपार झाली, आणि त्या दिवशीचं काम दुसऱ्या दिवसावर गेलं.

त्यांना गप्प झालेलं मी एकदाच बघितलं. इस्लामपूरहून कऱ्हाडला जाणाऱ्या मोटारीत शेजारी एक शिपाईगडी बसला होता, रजेवर आलेला. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत. हे त्याच्याशी बोलायला लागले. म्हणाले, तुमच्या एकट्याची उंची मला न बघता सांगता येणार नाही, पण हजार जवान असले तर न बघता सांगता येईल की त्यांत मध्यम उंचीचे किती, उंच किती, बुटके किती. म्हणून तर सरकार डोकी न मोजता टोप्या शिवतं आणि पाय न मोजता बूट करतं, आणि ते पुरतात. हेच आमचं शास्त्र. पाऊस, जन्म, मरण, सूतगिरणीत तुटणारे धागे, जिथं जिथं पुष्कळ असतं तिथं ते लागू पडतं.

शिपाई शांतपणे ऐकत होता. मग त्यानं पाय पुढं केला. पाय कसला, फळीच होती. अंगठे वहाणेच्या बाहेर. "मला कवाच बूट घावला न्हाई," तो म्हणाला. "चार वरसं झाली. स्टोअरवाला म्हंतो, ह्या मापाचा येतच न्हाई."

यांचा चेहरा उजळला. "तुम्ही अगदी टोकाला आहात."

"व्हय. पर टोकाच्यानी अनवानीच लडाईला जायाचं काय?"

मोटार कऱ्हाडात पोचेपर्यंत हे काही बोलले नाहीत. उतरल्यावर वहीत काहीतरी लिहिलं. मी विचारलं, काय लिहिलंत. म्हणाले, "त्यांचा प्रश्न."

आता ज्या गावामुळं सगळं झालं त्या गावाकडं येतो. खानापूर तालुक्याच्या पूर्वेला, जिथं पाऊस वाट चुकल्यासारखा येतो, तिथलं हे गाव. नाव घेत नाही. धनगरांची वस्ती मोठी. आधी मेंढरं, आता मेंढरंही आणि शेतीही. त्या वर्षी परतीचा पाऊस झालाच नव्हता. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरला होता, पण शिवारभर गुडघ्याएवढा होऊन वाळला होता. पुस्तकानं त्या गावातली दोन शेतं निवडली. एक पाटलाचं, विहिरीखालचं. दुसरं ओढ्याकाठचं, काळ्या रानाचं. सबंध गावात दाणा धरलेली रानं असतील चार, आणि त्यांतली दोन आमच्या वाट्याला.

पाटलाच्या रानात हे पावलं मोजत चालले. मी मागून दोरी घेऊन. शाळू डोक्याच्या वर, कणसं भरलेली. खुंटी ठोकली, तेवढ्यात बांधापलीकडून एक बाई आली. हौसाबाई तिचं नाव. पन्नाशीची, धिप्पाड, कमरेला विळा. तिचं रान बांधाला लागूनच होतं.

"सायेब, जरा हिकडं या."

"काय आहे?"

"या तर. हितं बी शाळूच हाय."

आम्ही बांधावर चढून बघितलं. ताटं वाळून पांढरी पडलेली. कणसं बाहेरच पडली नव्हती. तिनं एक ताट उपटून यांच्या हातात दिलं. "दाना भरलाच न्हाई. समद्या शिवारात असंच हाय. पाटलाच्या हिरीला पानी हाय म्हनून त्येचं तेवढं उभं हाय, आन तुमी नेमकं त्येच कापाय लागलाय."

"नेमकं नाही," हे म्हणाले. "नेमकं काही होऊ नये म्हणून तर हे सगळं करतो. चिठ्ठी निघावी तसं हे शेत निघालं."

"मग दुसरी चिट्टी काडा."

"दुसरी काढली तर ती चिठ्ठी राहत नाही."

बाई माझ्याकडं वळली. "दादा, तुमी तरी सांगा वं."

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हणालो, "साहेब, वीस पावलं. बांध ओलांडला की झालं. बघणारं कुणी नाही, आणि खरं काय ते आपण डोळ्यांनी बघतोय."

ते बांधावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आज यांची दया आली म्हणून मी वीस पावलं सरकलो. उद्या याच तालुक्यातल्या एखाद्या बागायती गावात माझी खुंटी खडकावर पडेल, तिथं मला कुणाची दया येणार नाही, मी हलणार नाही. म्हणजे सबंध हिशेब एका बाजूला कलला. परवा कुणी मला जेवायला घालून वीस पावलं दुसरीकडं सरकवेल. मग घोड्यावरच्या माणसानं केलेलं काय वाईट?"

हौसाबाई ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजी तिकडं तुमची खुटी खडकावर पडनार, म्हनून आमी हितं पाटलावानी पिकलो?"

"तसं नाही. हा आकडा तुमच्या गावाचा नाहीच. पुष्कळ गावांतली पुष्कळ शेतं मिळून हा तालुक्याचा आकडा होणार. या आकड्यानं तुमच्या गावाला कुणी मोजणार नाही."

"ते तुमाला ठावं हाय. कागुद वाचनाऱ्याला ठावं आसंल?"

"मी लिहून देतो," ते म्हणाले. आणि तिथंच, बांधावर बसून, त्यांनी नोंदीच्या कागदाखाली आपल्या हातानं लिहिलं: हे आकडे फक्त तालुक्यासाठी आहेत, एकेका गावासाठी वापरू नयेत. तिला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "तुमी म्हंताय तर आसंल," आणि विळा घेऊन आपल्या वाळल्या रानात गेली. जनावरांना वैरण तरी होईल म्हणून ती ते कापत होती.

पुढं महिन्याभरात हे दुसऱ्या तालुक्यात कामाला गेले आणि मी साताऱ्यात कागद जुळवत बसलो. आमच्या बड्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं की गाववार तक्ता हवा, लेव्हीच्या कामाला लागेल, आणि एका पानात बसवा. मी टाइपरायटरवर बसलो. गावांची नावं आणि आकडे लिहून होईपर्यंत पान संपलं. खालची टीप राहिली. दुसरा कागद लावला असता, टाचणी टोचली असती, की काम झालं असतं. पण साहेब म्हणाले होते एका पानात, आणि मला वाटलं, मूळ कागदावर टीप आहेच. मी तक्ता तसाच नेऊन दिला.

त्या गावावर ज्वारीची लेव्ही बसली. जी ज्वारी उगवलीच नव्हती तिची. तालुक्यातल्या बऱ्या गावांच्या बरोबरीनं.

गावची दहा-बारा माणसं साताऱ्याला आली. हौसाबाई त्यांत होती. हे आदल्या दिवशीच परतले होते. कचेरीच्या ओसरीवर तिनं त्यांना गाठलं. आवाज चढवला नाही, काही नाही. नुसतं म्हणाली, "तुमी लिवून दिलं हुतं."

"होय," हे म्हणाले.

"आमाला बाजारातनं ज्वारी इकत घिऊन सरकारला घालायची पाळी आलीया. निम्मी मेंढरं काडाय लागतील. माझा ल्योक पलटनीत हाय, त्येला काय कळवू? तुज्या आईनं पिकवलं न्हाई आन सरकारानं मोजून न्हेलं?"

हे आत आले. तक्ता मागितला. मग मूळ नोंदी मागितल्या. दोन्ही कागद मेजावर शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींच्या तळाकडं बघत राहिले. कचेरीत टाइपरायटर एकच होता आणि तो चालवणारा मी एकटा. मी वाट बघत होतो की आता मान वर करतील. त्यांनी कागद उचलले आणि बड्या साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडं होतं.

"हा आकडा तुम्हीच मोजलात ना?" बडे साहेब विचारत होते.

"होय."

"चुकीचा मोजलात?"

"नाही. मोजणी बरोबर आहे. पण ती या गावाची नाही."

"कापलं तर त्याच गावात."

"दोन शेतांवरून गाव कळत नाही, साहेब. शंभर शेतांवरून तालुका कळतो."

"म्हणजे दोनदा मोजलं तर चूक, आणि तसंच पन्नास ठिकाणी केलं की बरोबर?"

मला तो प्रश्न चांगला वाटला. कुणालाही वाटला असता. आणि यांनी, सांभाळून घेण्याची एवढी संधी असताना, क्षणभर विचार करून उत्तर दिलं, "होय. साधारण तसंच आहे."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"ठीक. तुमचा आकडा या गावाला लागू नाही, असं लिहून द्या."

बड्या साहेबांना ती योजना पहिल्यापासून नको होती, हे कचेरीतल्या पट्टेवाल्यालाही माहीत होतं. यांनाही माहीत असणार. तरी यांनी एक पानभर लिहून दिलं आणि मीच ते टाइप केलं. हा आकडा या गावाला लावणे सर्वस्वी चुकीचे आहे, आणि तो लावला जाईल अशा रीतीने नोंदवला याची जबाबदारी माझी आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. बड्या साहेबांनी त्याच्यावर आपली एक चिठ्ठी लावली की, अधिकारी स्वतःच आपले आकडे भरवशाचे नसल्याचे कबूल करतात, आणि कागद वर पाठवला.

सर्कलसाहेब पुन्हा घोड्यावरून त्या गावी गेले. शिवारात चक्कर मारली, झाडाखाली बसले आणि पीक तीन आणे ठरवलं. लेव्ही माफ झाली. आणि आमच्या जिल्ह्यातली योजना थांबली. खुंट्या, दोरी, तराजू, सगळं यादी करून परत घेतलं. यांना पुण्याला माघारी बोलावलं, कुठल्याशा टेबलावर.

मी त्यांना बातमी सांगायला गेलो. म्हणालो, "साहेब, गाव सुटलं. तीन आणे ठरलं."

"सर्कलनी किती शेतं पाहिली?"

"घोड्यावरून दिसली तेवढी."

"म्हणजे तीन आणे आहे की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही."

मेजावर दौत होती. मी ती उचलून त्यांच्या बंद गळ्याच्या कोटावर रिकामी केली नाही, हा माझ्या शांत स्वभावाचा दाखला समजावा. ज्या रीतीला ते दोन वर्षं नावं ठेवत होते तिनं ते गाव वाचवलं होतं, आणि त्यांच्या बिनचूक मोजणीनं ते बुडवलं होतं, आणि या माणसाला अजून शंका होतीच.

ते गेले त्या सकाळी मी मोटार स्टँडवर त्यांची वळकटी घेऊन गेलो. मोटारीला वेळ होता. इतके दिवस छातीवर होतं ते मी सांगून टाकलं. "साहेब, तक्त्यातली टीप मी गाळली. पान पुरलं नाही म्हणून."

"माहीत आहे."

"मग बड्या साहेबांना का नाही सांगितलंत? टाइप करणाऱ्याची चूक म्हटलं असतं तर गावही सुटलं असतं आणि तुमचं कामही राहिलं असतं. मला फार तर ठपका बसला असता."

ते वळकटीवर बसले होते. छत्रीच्या टोकानं मातीत रेघ ओढत म्हणाले, "टीप असती तरी ती कुणी वाचली नसती. गावाच्या नावापुढं आकडा लिहिला की वाचणाऱ्याला तो गावाचाच वाटणार. ती बाई म्हणाली होती ते बरोबर होतं. तो कागद मी आखला होता, तुम्ही नाही." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "असं याआधी किती वेळा केलंत?"

"काय?"

"पान पुरलं नाही म्हणून काही गाळलंत."

मी आठवून बघितलं. खरंच बघितलं. "हे एकदाच."

"मग तुमच्याबद्दल मला अजून काही सांगता येणार नाही," ते म्हणाले.

मोटार आली. त्यांनी वळकटी माझ्या हातून घेतली, वर चढवून दिली आणि खिडकीशी बसले. वाईच्या वळणाकडं मोटार निघून गेली तरी मी तिथंच उभा होतो, आणि मला त्यांचा विलक्षण राग आला होता. माणसानं कबुली दिली की समोरच्यानं रागवावं, नाही तर पाठीवर हात ठेवावा. रागावले असते तर मी मनात भांडलो असतो. माफ केलं म्हणाले असते तर त्याच संध्याकाळी विसरलो असतो. यांनी मला नुसतं उघडं ठेवलं, हिशेबात न घेतलेल्या शेतासारखं.

पुढं नोकरीत मी शेकड्यांनी तक्ते केले. साहेब बदलले, सरकार बदललं, सांगलीचा जिल्हा झाला, पण तक्ता एका पानात बसवा म्हणणारे तसेच राहिले. मी दुसरं पान लावायचो. त्यावरून बोलणी खाल्ली, एकदा बढती अडली, घरात बायको म्हणाली की तुम्हाला एवढं कळत नाही का. कळत होतं. दुसऱ्या पानाला टाचणी टोचताना दर वेळी मी दात आवळून मनातल्या मनात त्या माणसाला म्हणायचो, हे घ्या, आणखी एक. मांडा वहीत.